उदासी, उन्माद आणि मधला काळ : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नैराश्य आणि बायपोलर (मन कधी फार खाली, तर कधी फार वर जाण्याचा आजार) या दोन आजारांविषयी आहेत, त्यामुळे हे सदर या वेळी त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. जवळपास प्रत्येक पत्रात आज घरात काय चालले आहे याचे बारकाईने वर्णन आहे. पण तेच माणूस वर्षापूर्वी, पाच वर्षांपूर्वी कसे होते, याविषयी एक-दोन ओळीच आहेत. मनःस्थितीच्या आजारांत मात्र डॉक्टरांना सर्वाधिक उपयोग होतो तो याच मागच्या माहितीचा, म्हणून उत्तरांमध्ये मी तिकडे वारंवार वळलो आहे.

प्रश्न : माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात आमचा ऊस पुराच्या पाण्यात राहिला आणि पीक हातचे गेले. तेव्हा ते डगमगले नाहीत, पण दिवाळीनंतर त्यांचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग गोठ्यातल्या कट्ट्यावर बसून राहतात. ज्या म्हशीची धार दुसऱ्या कुणाला काढू देत नसत, तिच्याकडे आता बघतही नाहीत. जेवण निम्म्यावर आले आहे. डोके जड वाटते, छाती भरून येते असे म्हणतात. ईसीजी केला, रक्त तपासले, काही निघाले नाही. भावकीतले लोक म्हणतात, नुकसान सगळ्यांचेच झाले, यानेच एवढे मनाला का लावून घ्यायचे? हे दुःख आहे की आजार? — शिरोळ तालुक्यातील एक भगिनी

उत्तर : ताई, आपण जे लिहिले आहे ते वाचून हे निव्वळ दुःख राहिलेले नाही, असे माझे मत झाले आहे. पक्के निदान अर्थातच त्यांना समोर बसवून तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ करतील. आजाराला कारण सापडले की तो आजार उरत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे आणि त्या समजापायी कित्येक माणसे उपचाराविना राहतात. पुरात ऊस गेला हे कारण खरे आहे, आणि त्यातून पुढे जडलेला आजारही तितकाच खरा असू शकतो. पूर ओसरल्यावर ते डगमगले नाहीत, यातही मला नवल वाटत नाही. त्या दिवसांत पंचनामे, भरपाईचे अर्ज, सोसायटीचे कर्ज, शेतातला गाळ उपसणे या धावपळीत माणूस उभा राहतो. धावपळ संपल्यावर, कधी काही महिन्यांनी, मन बसू लागते. आणि तोवर आजूबाजूच्या लोकांच्या लेखी ती गोष्ट जुनी झालेली असते.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक दिसतो कसा, ते सांगतो. दुःखी माणसाला आठवणीने भरून येते, पण नातवंड मांडीवर येऊन बसले तर तो घटकाभर हसतो, आवडीचे कालवण केले तर चार घास जास्त खातो, आणि आपण वाईट माणूस आहोत असे त्याला सहसा वाटत नाही. नैराश्यात आनंद घेण्याची क्षमताच आटते. आपण म्हशीविषयी लिहिलेले वाक्य त्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, कारण उदास वाटण्याइतकेच रस संपणे हेही या आजाराचे मुख्य लक्षण असून, काही रुग्ण तर उदास वाटते असे कधी म्हणतच नाहीत. मन उदास असणे किंवा रस संपणे, यांपैकी किमान एक गोष्ट, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता, स्वतःला कमी लेखणे आणि मरणाचे विचार यांतले बदल मिळून एकूण पाच लक्षणे सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ टिकली आणि त्यांमुळे रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. आपल्या घरी याला काही महिने लोटले आहेत. पहाटे नेहमीच्या वेळेआधी दोन-तीन तास जाग येणे, सकाळ सगळ्यात जड जाणे आणि संध्याकाळी जरा बरे वाटणे, ही तीव्र नैराश्याची एक जुनी, ओळखीची खूण आहे. त्यांची संध्याकाळ कशी जाते, याकडे लक्ष ठेवा आणि ते डॉक्टरांना सांगा.

डोके जड होणे आणि छाती भरून येणे ही ढोंगे नाहीत. ग्रामीण भागातील पुरुष ‘मला रडू येते’ असे सहसा म्हणत नाहीत. ते अंग दुखते म्हणतात, ताकद राहिली नाही म्हणतात, आणि मग तपासण्यांवर तपासण्या होतात. या तपासण्या वाया गेल्या असे समजू नका. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही माणूस असाच मलूल होतो, म्हणून त्या झाल्या नसतील तर कराव्यात. परंतु रिपोर्ट चांगला आला म्हणजे आजार नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण नैराश्य दाखवणारी रक्ताची तपासणी आज तरी उपलब्ध नाही.

औषधांविषयी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. मळमळ, डोके दुखणे, किंचित अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागाहून, अशी ही वाट आहे, आणि सर्वाधिक माणसे औषध सोडतात ती नेमकी याच पहिल्या पंधरवड्यात. दुसरे असे की, बरे वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि नंतर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. व्यसन लागू शकते ते अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचे. लोकांच्या मनात या दोन प्रकारांची सरमिसळ झालेली आहे. दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणून देणे कृपया टाळा.

गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचारही आहेत आणि सौम्य आजारात ते एकटेही पुरे पडतात. त्यातला एक भाग घरी करता येण्याजोगा आहे. ‘मन रमव’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण रमण्याची शक्तीच गेलेली असते. त्याऐवजी एकच लहान काम, रोज ठरल्या वेळी, मनात असो वा नसो, आपण सोबत राहून करायचे. सकाळी दुधाची किटली घेऊन दोघांनी डेअरीपर्यंत चालत जाणे एवढे पुरे आहे. आधी कृती आणि मागून उत्साह, असा क्रम या आजारात लागू पडतो.

आणखी एक गोष्ट आजच करायची आहे. ‘जगू नये असे मनात येते का?’ हे त्यांना शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारले म्हणून हलके वाटते. त्यांचे उत्तर काहीही आले तरी घरातील तणनाशके आणि कीटकनाशके तूर्त दुसऱ्या घरी, कुलपात ठेवायला द्या. ते ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. भावकीतील मंडळींना एवढेच सांगा की, राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशात वीसपैकी साधारण एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य झाल्याचे आढळले होते, आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचलेच नव्हते.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा असून यंत्रमागावर जॉबर आहे. दोन वर्षांपूर्वी तो चार महिने खोलीतून बाहेर पडत नव्हता. तेव्हा नैराश्य सांगितले होते आणि गोळ्यांनी तो बरा झाला. या हिवाळ्यात पुन्हा गप्प झाला म्हणून आम्ही त्याच जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या. आता तीन आठवड्यांपासून चित्रच उलटे आहे. रात्री दोन तास झोपतो आणि थकत नाही. रात्री दोन वाजता फरशी धुतो, कॅलेंडरच्या पाठीमागे नव्या दुकानांची नावे लिहितो. सुताचा व्यापार काढणार म्हणून तीन हजार व्हिजिटिंग कार्डे छापून आणली, हप्त्यावर मोटारसायकल घेतली. अडवले तर अंगावर येतो. शेजारीपाजारी बाहेरचे आहे म्हणतात, डॉक्टर बायपोलर म्हणतात. एकाच मुलाला दोन उलटे आजार कसे होतील? — इचलकरंजीतील एक आई

उत्तर : आपल्या मुलाला दोन आजार झालेले नाहीत. आजार एकच आहे आणि त्याला दोन टोके आहेत. खालच्या टोकाला नैराश्य आणि वरच्या टोकाला उन्माद. झोपेची गरजच कमी होणे, बोलणे आणि विचार सुसाट धावणे, आपल्या हातून काहीही होईल अशी खात्री वाटणे, पैसा उधळणे, अडवले की संतापणे, असे सगळे किमान आठवडाभर चालले किंवा त्यापायी दाखल करण्याची वेळ आली, तर त्याला उन्मादाचा झटका म्हणतात. हेच सौम्य प्रमाणात चार दिवस वा अधिक टिकले आणि कामधंदा मोडला नाही, तर तो सौम्य उन्माद असतो. सौम्य उन्माद घरच्यांना आजार वाटतच नाही, कारण त्या दिवसांत माणूस हसरा, कामसू आणि दिलदार दिसतो. झोप न येणे आणि झोपेची गरज न वाटणे यांत फरक आहे: नैराश्यात माणूस झोप येत नाही म्हणून तळमळतो, तर उन्मादात दोन तास झोपूनही ताजातवाना असतो. आपण ‘थकत नाही’ असे लिहिले आहे, त्याने डॉक्टरांचे निदान खरे असावे असेच दिसते.

हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, आणि कित्येकांत तो आधी नैराश्याच्या रूपाने येतो. त्या वेळी तपासणाऱ्याला समोर दिसते ते फक्त नैराश्य. वरची लाट अजून आलेलीच नसते. म्हणून बायपोलर आजाराचे नेमके निदान व्हायला अनेकदा वर्षे जातात. आपल्याकडे कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी जो तो विचारतो. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे सगळ्यांना पाठ असते. पण जाणता माणूस केवळ आजचा आकडा विचारत नाही, कालपासून पाणी किती चढले, हे विचारतो. मनःस्थितीचेही तसेच पाहावे लागते. आज मुलगा कसा आहे यापेक्षा गेल्या काही वर्षांत त्याचे मन कधी चढले, कधी उतरले आणि किती काळ तिथे राहिले, यावरून आजाराचे नाव ठरते.

जुन्या चिठ्ठीवर आणलेल्या गोळ्यांविषयी आपल्याला अपराधी वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. आपण त्याच्या काळजीपोटीच ते केले. मात्र ही माहिती आजच डॉक्टरांना द्या. बायपोलर आजारात नैराश्यावरील गोळी एकटीच, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय, दिली गेली तर ती काही रुग्णांना उन्मादाकडे ढकलू शकते. उपचार म्हणून आता बहुधा ती गोळी थांबवून लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारख्या औषधांतून निवड केली जाईल. पहिल्या काही दिवसांत झोप परत येते. उन्माद पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात.

तोपर्यंत घरात काय करावे? त्याच्या योजनांवर वाद घालू नका, आणि मान डोलावून त्यांना खतपाणीही घालू नका. ‘तू आधी झोप घे, व्यापाराचे आपण डॉक्टरांना भेटून आल्यावर बघू’, असे एकच वाक्य घरातल्या सगळ्यांनी बोलावे. एटीएम कार्ड, मोबाइलवरील बँकेचे व्यवहार आणि मोटारसायकलची किल्ली घरातल्या ज्या माणसाचे तो ऐकतो त्याच्याकडे द्यावी. या अवस्थेत आपण आजारी आहोत हे रुग्णाला बहुतेक वेळा पटत नाही; तो हट्टीपणा नसून आजाराचाच भाग आहे. तो दवाखान्यात यायला तयार नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात त्याची सोय आहे. त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुधा आई-वडीलच, अर्ज करू शकतात आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून गरज मान्य केल्यास त्याला प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते.

बाहेरचे आहे असे म्हणणारे शेजारी वाईट हेतूने बोलत नसतील. देवाला जाण्याने आपल्या मनाला धीर येत असेल तर जरूर जा. पण त्यापायी औषधाचा एकही दिवस चुकू देऊ नका, आणि कुणी त्याला बांधून ठेवायला, मारायला किंवा धुरी द्यायला सांगितले तर ठामपणे नाही म्हणा. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पुढच्या काळासाठी दोन सूचना आहेत. उन्माद उतरल्यावर पुष्कळ जणांना आपण काय काय केले ते आठवून लाज वाटते आणि मन खाली जाते. ते आठवडे नाजूक असतात. त्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा त्याच्या नजरेसमोर राहू देऊ नका आणि घरात त्यावरून चेष्टा होऊ देऊ नका. दुसरी सूचना रात्रपाळीची. झोप मोडणे हे बायपोलर आजारात उन्माद सुरू होण्याचे मोठे कारण आहे. सलग दोन-तीन रात्रींचे जागरणही काहींना पुरते. आठवड्याला पाळी बदलणारे काम त्याला सोसणारे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मालकांना भेटा आणि कायमची दिवसपाळी मागा. लग्नघरातले जागरण, नवरात्रातील गोंधळ, जोतिबाच्या चैत्र यात्रेची रात्रीची चाल या गोष्टी त्याने पूर्ण सोडाव्यात असे मी म्हणत नाही. पण त्याने रात्री अकराच्या आत अंथरुणावर असणे ही घराची शिस्त व्हावी. मगाच्याच त्या कॅलेंडरवर आता रोज तीन नोंदी करा: किती तास झोपला, गोळी घेतली का, मन कसे होते. झोप दोन रात्री लागोपाठ दीड-दोन तासांनी कमी झाली आणि तरी तो तरतरीत असला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा शिक्षक असून बायपोलर आजारासाठी अनेक वर्षे लिथियम घेत आहे. प्रकृती उत्तम आहे. मेहुणे म्हणतात, लिथियमने मूत्रपिंड जाते, आता बंद करा. मी एकादशी निर्जळी करतो आणि गुडघेदुखीसाठी अधूनमधून दुकानातून गोळी आणतो. मी काय करावे? — गडहिंग्लज येथील एक वाचक

उत्तर : गुरुजी, प्रकृती उत्तम आहे ती लिथियम घेत असल्यामुळेच, ही शक्यता आधी ध्यानात घ्या. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण प्रथम प्रसिद्ध केला. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली, तरी बायपोलर आजाराच्या लाटा रोखण्यात त्याचे स्थान आजही वरचे आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भक्कम पुरावा याच कामाच्या दुसऱ्या कोणत्याही औषधामागे नाही. ते एकाएकी बंद केल्यास पुढच्या काही महिन्यांत उन्माद उलटण्याचा धोका बराच वाढतो. मेहुण्यांच्या सांगण्यात तथ्य एवढेच की, दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांत मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि थायरॉइडही कमी पडू शकते. यावर उपाय औषध सोडणे हा नसून तपासणी न चुकवणे हा आहे. रक्तातील लिथियमची पातळी दर तीन ते सहा महिन्यांनी, तसेच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी पाहावे. पातळीसाठीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. पातळी साधारण ०.६ ते १.० यांच्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर गेल्यास विषबाधेचा धोका असतो. म्हणजे गुण देणारी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

आपल्या पत्रातील काळजीच्या गोष्टी मला वेगळ्याच दिसतात, आणि त्या म्हणजे निर्जळी एकादशी आणि दुकानातली गोळी. मूत्रपिंड लिथियमला जवळपास मिठासारखेच वागवते. शरीरातील पाणी आणि मीठ घटले की ते मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, त्यामुळे गोळी तेवढीच घेऊनही रक्तातील पातळी चढते. निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या, तापात किंवा एप्रिल-मेच्या उन्हात गळणारा घाम, रक्तदाबासाठी अचानक मीठ बंद करणे, या सर्वांतून हे घडू शकते. एकादशी करावीशी वाटते तर भरपूर पाणी पिऊन करा. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नका, कारण त्यांनी लिथियमची पातळी वाढते. साधे पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही असाच परिणाम होतो, तेव्हा कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी लिथियम चालू असल्याचे आधी सांगा. हात ठळकपणे थरथरणे, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या-जुलाब सुरू होणे, असे दिसले तर पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. तीन महिन्यांपासून अभ्यास होत नाही, कशातच मन लागत नाही. आपण नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल, असे आता रोज वाटते. कुणाला सांगितले तर पोलिसांची भानगड होईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तू हे लिहिलेस ते फार बरे केलेस. घरच्यांवर आपण ओझे आहोत, असे वाटणे हे या आजाराचेच लक्षण आहे. ते तुला खरे वाटते, पण ते तुझ्या घरच्यांचे मत नाही. हे सदर छापून येईपर्यंत तू थांबू नयेस म्हणून पत्रासोबत दिलेल्या नंबरवर मी बोललो आहे. तरी तुझ्यासारख्या इतर मुला-मुलींसाठी इथे लिहितो. आज रात्री एकट्याने खोलीत राहू नका. मैत्रीण, रेक्टर, आई, मोठा भाऊ, ज्यांच्याशी बोलणे सोपे वाटेल त्या एका माणसाला हेच वाक्य जसेच्या तसे सांगा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार मनात येणे हा गुन्हा नाही. इतकेच नव्हे, तर आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असेच २०१७ च्या कायद्याने गृहीत धरले आहे, आणि तिला शिक्षा न करता उपचार व आधार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांना गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे विचार कधीकधी वाढतात, म्हणून त्या काळात डॉक्टर लवकर लवकर बोलावतात. त्या भेटी चुकवू नका.

प्रश्न : मुलगी २७ वर्षांची, उच्चशिक्षित. तिला बायपोलर आजार आहे, औषधांवर तीन वर्षे अगदी व्यवस्थित आहे. स्थळे येत आहेत. आजार सांगितला तर लग्न जमणार नाही, असे सगळे म्हणतात. तिच्या मुलांनाही हा आजार होईल का? — शाहूपुरीतील एक वडील

उत्तर : आपली घालमेल मी समजू शकतो, तरीही माझा सल्ला लग्नाआधी सांगण्याचाच आहे, आणि तो सांगायचा निर्णय व शब्द मुलीचे असावेत. लपवले तर सासरी ती गोळ्या चोरून घेऊ लागते, मग चुकवू लागते, लग्नाच्या दगदगीत झोपही मोडलेली असते, आणि पहिल्या वर्षातच आजार उलटतो. हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी पाहिलेले आहे. शिवाय महत्त्वाची गोष्ट फसवून दडवली, या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी कायद्याने करता येते. याउलट, केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही; आजाराचे स्वरूप आणि त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. बैठक पुढे सरकली की मुला-मुलीने एकदा मिळून तिच्या डॉक्टरांना भेटावे. नाही म्हणणारी स्थळे येतील. पण समजून हो म्हणणाऱ्या माणसाबरोबर तिची गोळी टेबलावर उघडी राहील, आणि या आजारात ते फार मोलाचे आहे.

आनुवंशिकतेचे म्हणाल तर, आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहा असते. सर्वसामान्यांत ती शंभरात एकाच्या आसपास असते. धोका वाढतो हे खरे, पण शंभरातली नव्वद मुले या आजाराविना वाढतात. याहून तातडीचा मुद्दा औषधाचा आहे. तिला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लग्न ठरण्याचीही वाट न पाहता डॉक्टरांशी बोला, कारण गर्भाच्या मेंदू व मणक्याच्या घडणीवर त्याचा दुष्परिणाम होऊ शकतो आणि तो गर्भधारणा लक्षात येण्याआधीच घडून जातो. औषध बदलायचे ते डॉक्टरांनीच, सावकाश. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तिच्यासाठी जोखमीचे राहतील. बाळाला रात्री सांभाळायला माणूस असणे आणि तिला सलग पाच-सहा तास झोप मिळणे, हा तेव्हा औषधाइतकाच उपचार असेल.

प्रश्न : कोल्हापुरात कमी खर्चात कुठे दाखवावे? विमा मिळतो का? पहिल्या भेटीला काय न्यावे? — करवीर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये किंवा जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. मानसोपचार घ्यायचे म्हणजे थेट रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जावे लागते, ही भीती अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात नैराश्य आणि बायपोलरचे बहुसंख्य रुग्ण घरी राहून, बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन बरे होतात. विम्याबाबत सांगायचे तर, मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण देणे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. आपल्या पॉलिसीतील अटी मात्र वाचून घ्या.

पहिल्या भेटीला सोबत असा माणूस न्या, ज्याने रुग्णाला लहानपणापासून पाहिले आहे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक पुड्यांसह, एका पिशवीत घाला. जुन्या चिठ्ठ्या व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एका कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर वर्षे मांडा आणि कोणत्या वर्षी मन खाली गेले, कोणत्या वर्षी झोप उडून उत्साह, खर्च किंवा भांडणे वाढली, तेव्हा कोणती औषधे चालू होती, हे वर-खाली लिहा. आई-वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा. दारू-तंबाखूचे प्रमाण खरे सांगा. आणि रुग्णाला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्या. तेवढा वेळ आपण बाहेर बाकावर बसा.